ताटलीवरची करडी रेघ: सिरॅमिक आणि धातू एकमेकांवर घासले की नेमके काय झिजते?

चिनी मातीच्या पांढऱ्या ताटलीवर स्टीलचा चमचा जोर देऊन ओढला, की एक करडी रेघ उमटते. ताटलीला ओरखडा पडला, असे बहुतेकांना वाटते. त्या रेघेवरून नख फिरवून पाहावे; बहुतेक वेळा ते कुठेच अडकत नाही, कारण तिथे खाच नसतेच. ताटलीचे काही गेलेले नसते, उलट तिच्यावर काहीतरी आलेले असते, आणि ते म्हणजे चमच्याच्या पोलादाचा अतिशय पातळ थर. झिजला चमचा आणि खूण राहिली ताटलीवर.

हाच गैरसमज अधिक महत्त्वाच्या ठिकाणीही होतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोटारींमध्ये सिरॅमिक गोळ्यांच्या बेअरिंग वापरल्या जातात, खुब्याच्या कृत्रिम सांध्यात सिरॅमिकचा गोळा बसवला जातो, पंपांच्या सीलमध्ये सिरॅमिकच्या चकत्या असतात, आणि या सगळ्यांची ओळख करून देताना एक वाक्य ठरलेले असते: सिरॅमिक झिजत नाही आणि गंजत नाही. एकट्या सिरॅमिकपुरते हे वाक्य बरेचसे खरे आहे. पण यंत्रात किंवा शरीरात कोणताही भाग एकटा नसतो; तो दुसऱ्या कशावर तरी घासत असतो, तो दुसरा भाग बहुधा धातूचा असतो, आणि दोघांमध्ये पाणी, तेल, आम्ल किंवा शरीरातला द्रव असतो. म्हणून ‘हा पदार्थ झिजतो का’ हा प्रश्नच अपुरा आहे. झिजते ती जोडी, आणि तीही ज्या परिसरात घासते त्या परिसरासह. या लेखात तेच उलगडून पाहायचे आहे.

मोजके शब्द आधी स्पष्ट करू

सिरॅमिक म्हणजे धातू किंवा तत्सम मूलद्रव्यांची ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा कार्बन यांच्याशी झालेली संयुगे, जी बारीक भुकटीच्या रूपात दाबून उच्च तापमानाला भाजतात. अ‍ॅल्युमिना हे अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड आहे. माणिक आणि नीलम ही रत्ने मुळात याच संयुगाची. झिर्कोनिया हे झिर्कोनियमचे ऑक्साइड, तर सिलिकॉन नायट्राइड हे सिलिकॉन आणि नायट्रोजन यांचे संयुग.

झीज म्हणजे घासल्यामुळे पृष्ठभागावरून पदार्थ निघून जाणे. क्षरण म्हणजे परिसराशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे पदार्थ जाणे. लोखंडाचा गंज हा क्षरणाचा सर्वांना परिचित प्रकार. या दोन्ही क्रिया एकाच जागी, एकाच वेळी घडतात, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला ट्रायबोकरोजन म्हणतात. आपण त्याला घर्षणक्षरण म्हणू.

दोन पृष्ठभाग खरोखर टेकतात तरी किती?

आरशासारखा घासून-पुसून चकचकीत केलेला धातूही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलुखासारखा दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, की एकाची शिखरे दुसऱ्याच्या शिखरांवर टेकतात आणि बाकीच्या जागी मोकळी पोकळीच असते. ही टेकण्याची जागा किती असते याचा अंदाज सोप्या भागाकाराने येतो: जेवढा भार आहे त्याला मऊ पदार्थाच्या कठीणपणाने भागायचे. साध्या स्टेनलेस स्टीलवर सुमारे १० किलोचा भार ठेवला, तर प्रत्यक्ष टेकलेले क्षेत्रफळ जेमतेम ०.०५ चौरस मिलिमीटर भरते, मग वरचा ठोकळा तळहाताएवढा असो की पुस्तकाएवढा. सगळा भार तेवढ्याच ठिपक्यांवर येतो, आणि पुढचे सगळे प्रकार त्याच ठिपक्यांवर घडतात.

कठीणपणा मोजण्यासाठी हिऱ्याचे टोक पृष्ठभागावर ठरावीक भाराने दाबतात आणि उमटलेल्या ठशाचा आकार पाहतात. विकर्स या मापपट्टीवर मऊ अवस्थेतले स्टेनलेस स्टील २०० च्या आसपास, कृत्रिम सांध्यात वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू ३५० ते ४०० च्या आसपास, बेअरिंगचे कडक केलेले पोलाद ७०० ते ८००, झिर्कोनिया सुमारे १२००, आणि अ‍ॅल्युमिना १५०० ते २००० इतके भरते. याचे कारण अणूंच्या बांधणीत आहे. धातूतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून धातू वाकतो, दबतो, ओढला जातो. सिरॅमिकमधले बंध इतके घट्ट आणि दिशा ठरलेले असतात की थर सहजासहजी सरकत नाहीत. भार फारच वाढला तर सिरॅमिक दबत नाही, तडकते.

त्यामुळे अशी जोडी घासू लागली की सिरॅमिकची शिखरे धातूत नांगराच्या फाळासारखी रुततात आणि चर पाडत जातात. दुसरा प्रकार चिकटण्याचा. धातूचे ताजे, उघडे पडलेले शिखर सिरॅमिकला काही ठिकाणी घट्ट चिकटते, आणि सरकताना जे तुटणे होते ते चिकटलेल्या जागी न होता धातूच्या आत होते, कारण तोच भाग दुबळा असतो. धातूचा तुकडा मागे राहतो, सिरॅमिकला चिकटलेला. ताटलीवरची करडी रेघ हीच. हा लेप पसरत गेला, की थोड्या वेळाने सिरॅमिकवर धातू घासत नसतो, धातूवर धातूच घासत असतो, आणि सिरॅमिक निवडण्यामागचा हेतूच मागे पडतो. कृत्रिम सांध्यांतून काढलेल्या सिरॅमिक गोळ्यांवर असे काळपट पट्टे वारंवार दिसतात. गोळा घासला गेला असे वाटते, पण तो झिजलेला नसून माखलेला असतो. मात्र त्या लेपामुळे त्याचा गुळगुळीतपणा जातो आणि समोरचा भाग अधिक घासू लागतो.

मग कठीणपणावरून झीज सांगता येत नाही का?

काही अंशी येते. १९५३ मध्ये आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलेले समीकरण आजही वापरात आहे: भार वाढला की झीज वाढते, सरकण्याचे अंतर वाढले की झीज वाढते, आणि झिजणारा पदार्थ जितका कठीण तितकी झीज कमी. पण या समीकरणात एक गुणांकही आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. धातू आणि सिरॅमिक यांचा कठीणपणा फार तर दहापट वेगळा असतो; हा गुणांक मात्र जोडी, वंगण आणि परिसर यांनुसार लाखपटीहूनही अधिक बदलू शकतो. तो पदार्थाच्या माहितीपत्रकात सापडत नाही, त्या जोडीवर प्रयोग करूनच काढावा लागतो. केवळ कठीणपणाचा आकडा सांगून टिकाऊपणाची हमी देणाऱ्याने समीकरणातला सोपा भाग सांगितलेला असतो आणि अवघड भाग वगळलेला असतो.

‘न गंजणारे’ पोलाद खपलीच्या आधारावर जगते

आता रसायनशास्त्राकडे वळू. स्टेनलेस स्टील, टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोमियम हे धातू गंजत नाहीत असे आपण म्हणतो, ते त्यांच्या स्वभावामुळे नव्हे. हे धातू ऑक्सिजनशी अतिशय उत्सुकतेने संयोग पावतात, इतक्या उत्सुकतेने की हवेत किंवा पाण्यात उघडे पडताच त्यांच्यावर ऑक्साइडचा घट्ट, सलग पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढची क्रिया थांबवतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते ते या पापुद्र्यासाठीच. त्याची जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर असते. केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर धरली, तर हा पापुद्रा किती नाजूक आहे ते कळते.

तो जखमेवरच्या खपलीसारखा वागतो. खरचटला तर स्वतःहून पुन्हा धरतो, आणि त्याची पहिली फळी काही मिलिसेकंदांतच उभी राहते. म्हणूनच स्टेनलेस स्टीलचे भांडे घासून-घासून वर्षानुवर्षे टिकते. पण जखमेवरची खपली दर मिनिटाला कोणी खरवडली, तर ती भरून येत नाही आणि दर वेळी थोडे रक्त जाते. कठीण सिरॅमिक धातूवर पुढे-मागे घासत असेल, तर ते नेमके हेच करते. प्रत्येक फेरीत पापुद्रा निघतो, खालचा उघडा धातू भोवतीच्या द्रवात विरघळू लागतो, नवा पापुद्रा धरू लागतो, आणि तो पुरता धरायच्या आत पुढची फेरी येते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नवा पापुद्रा हवेतून येत नाही, तो धातूचाच बनतो. म्हणजे ‘बरे होण्याची’ प्रत्येक क्रिया धातूच खर्च करते. जो मिश्रधातू शांत पाण्यात सर्वांत सुरक्षित, तो घर्षणात दर फेरीला पापुद्र्याची किंमत मोजत राहतो. स्थिर परिस्थितीतल्या क्षरणाच्या चाचणीवरून घासणाऱ्या भागासाठी धातू निवडणे धोक्याचे आहे, ते यामुळे.

ही गळती मोजतात कशी?

मोजण्याची पद्धत सुंदर आहे आणि तिच्यात सिरॅमिकच साक्षीदाराचे काम करते. धातूची चकती खारट पाण्यात ठेवतात, तिच्यावर अ‍ॅल्युमिनाची गोळी ठरावीक भाराने टेकवून पुढे-मागे सरकवतात, आणि चकतीतून वाहणारा विजेचा प्रवाह मोजत राहतात. धातूचा अणू द्रवात विरघळताना आपले इलेक्ट्रॉन मागे सोडतो, त्यामुळे विरघळण्याचा वेग म्हणजेच प्रवाह. अ‍ॅल्युमिना वीज वाहू देत नाही आणि पाण्यात जवळपास अलिप्त राहते, म्हणून मोजलेला प्रवाह पूर्णपणे धातूचाच आहे याची खात्री असते.

गोळी स्थिर असताना प्रवाह नगण्य असतो. ती सरकू लागताच तो झपकन वर जातो, आणि थांबवली की पुन्हा खाली बसतो. आलेख पाहणाऱ्याला पापुद्रा फाटताना आणि सांधताना जणू डोळ्यांनी दिसतो. या प्रवाहावरून वजनही काढता येते. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून विरघळतो असे धरले, तर एक मिलिअँपिअरचा अखंड प्रवाह वर्षभरात सुमारे ९ ग्रॅम लोखंड नेतो, आणि त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रोअँपिअर, सुमारे ९० मिलिग्रॅम. आकडा लहान वाटेल, पण तो सगळा धातू नखाएवढ्या जागेतून जात असतो, आणि तो भाग शरीरात असेल तर गेलेला धातू शरीरातच राहतो.

घासलेला पट्टा आणि त्याच्या भोवतीचा न घासलेला धातू यांच्यात एक बॅटरीही तयार होते. उघडा पट्टा विरघळणारे टोक बनतो आणि शाबूत पापुद्र्याचा मोठा परिसर त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारे टोक. परिसर मोठा आणि पट्टा अरुंद, म्हणजे पट्ट्यावरचा ताण अधिक. सिरॅमिक स्वतः वीज वाहत नसल्यामुळे दोन वेगळे धातू जोडल्यावर जी बॅटरी होते ती इथे होत नाही, हा सिरॅमिकचा खराच फायदा आहे. पण एकाच धातूच्या दोन भागांत होणारी बॅटरी ते टाळू शकत नाही.

झीज अधिक क्षरण: बेरीज का चुकते?

सरळ विचार असा होतो: कोरड्यात घासून झीज मोजली, न घासता द्रवात ठेवून क्षरण मोजले, आणि दोन्हींची बेरीज केली की एकूण हानी मिळेल. प्रत्यक्षात हानी या बेरजेहून अनेकदा कितीतरी अधिक निघते. घासण्यामुळे पापुद्रा जातो आणि क्षरण वाढते, हे आपण पाहिले. उलट बाजूनेही मदत होते: क्षरणाने पृष्ठभाग खडबडीत आणि पोखरलेला होतो, धातू ज्या सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्यातल्या सीमा कमकुवत होतात, आणि मग घर्षण तिथून सहज तुकडे काढते. शिवाय निघालेले ऑक्साइडचे कण मूळ धातूपेक्षा कठीण असतात. ते दोघांमध्ये अडकले की पॉलिश पेपरवरच्या दाण्यांसारखे काम करतात.

म्हणून एकूण हानीचे हिशेब मांडताना निव्वळ घासण्याचा वाटा, निव्वळ क्षरणाचा वाटा आणि दोघांनी मिळून वाढवलेला तिसरा वाटा असे वेगळे धरावे लागतात. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे जी ११९ हे मार्गदर्शक मानक नेमके याच विभागणीसाठी आहे. निव्वळ घासण्याचा वाटा काढण्यासाठी बाहेरून विजेचा दाब देऊन धातूचे विरघळणे थांबवतात आणि तेवढ्या वेळात फक्त झीज मोजतात.

हा तिसरा वाटा नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही. कधी कधी रासायनिक क्रियेतून बनलेला मऊ थर वंगणाचे काम करतो आणि झीज घटते. धातूवर धातू असलेल्या कृत्रिम खुब्यांच्या पृष्ठभागावर ग्राफाइटसारख्या कार्बनचा थर आढळल्याचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीरातल्या प्रथिनांपासून घर्षणानेच तो घडलेला होता. परिणाम कोणत्या बाजूला झुकेल हे भार, वेग, द्रव आणि दोन फेऱ्यांमधली उसंत यांवर ठरते. माझ्या मते यांत सर्वाधिक दुर्लक्ष उसंतीकडे होते. सलग चालणारा पंप आणि दिवसातून चार वेळा चालू-बंद होणारा पंप तेवढेच अंतर घासले, तरी त्यांची हानी सारखी नसते, कारण दुसऱ्यात पापुद्र्याला धरायला भरपूर वेळ मिळतो आणि प्रत्येक सुरुवातीला तो नव्याने फुटतो.

‘पण सिरॅमिक तर रासायनिकदृष्ट्या अलिप्त असते ना?’

अलिप्त हा शब्द जपून वापरायला हवा. सिलिकॉन नायट्राइड पाण्यात नुसते ठेवले तर वर्षानुवर्षे काही होत नाही. तेच पाण्यात घासले, तर टेकलेल्या ठिपक्यांवर पाण्याशी क्रिया होऊन सिलिका आणि अमोनिया तयार होतात. सिलिका पाण्यात विरघळून जाते आणि मागे विलक्षण गुळगुळीत पृष्ठभाग उरतो, इतका की दोन असे पृष्ठभाग पाण्याच्या नुसत्या पडद्यावर तरंगत जवळजवळ घर्षणाविना सरकू लागतात. इथे क्षरणानेच पृष्ठभाग पॉलिश केला. हेच घर्षण कोरड्या हवेत झाले, तर तो पृष्ठभाग तडकत आणि खरवडत जातो.

झिर्कोनियाची गोष्ट गंभीर आहे. त्याच्या चिवटपणाचे रहस्य असे, की त्यातले स्फटिक एका नाइलाजाच्या रचनेत धरून ठेवलेले असतात. तडा जवळ आला की ते मूळ रचनेत जातात, आकाराने सुमारे चार टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. पण ओलावा हाच बदल तडा नसतानाही हळूहळू पृष्ठभागावर घडवू शकतो. मग पृष्ठभाग खडबडीत होतो, सूक्ष्म भेगा पडतात. २००१ मध्ये झिर्कोनियाचे खुब्याचे गोळे तुटण्याच्या घटनांनंतर काही बॅच बाजारातून परत घ्याव्या लागल्या. भाजण्याच्या भट्टीत केलेला बदल त्यांना भोवला होता.

‘मग सर्वांत कठीण पदार्थ घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटला’

या आक्षेपाचे उत्तर हिऱ्याने दिले आहे. हिऱ्याहून कठीण पदार्थ रोजच्या वापरात नाही, तरीही हिऱ्याच्या हत्याराने पोलाद कातायला घेतले की हत्याराची धार झपाट्याने जाते. कातताना टोकाशी तापमान खूप वाढते, आणि तप्त लोखंडात कार्बन विरघळतो. हिरा म्हणजे कार्बनच. तो ओरखडला जात नाही, तो लोखंडात विरघळून जातो. अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्यावर तेच हत्यार दीर्घकाळ टिकते.

सिलिकॉन नायट्राइडची हत्यारेही बिडावर उत्तम चालतात आणि पोलादावर लवकर झिजतात, तर तुलनेने ठिसूळ असलेली अ‍ॅल्युमिना पोलादाशी रासायनिकदृष्ट्या फटकून राहत असल्यामुळे तिथे अधिक टिकते. कठीणपणा बाहेरच्या हल्ल्याला उत्तर देतो. समोरच्यात विरघळून जाण्याला तो उत्तर देऊ शकत नाही.

कठीण पदार्थाचा पातळ लेप धातूवर द्यावा, हा पुढचा स्वाभाविक विचार. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कोरड्या किंवा तेलकट परिसरात तो उपयुक्त ठरतोही. ओल्या, खारट परिसरात मात्र त्यातली टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रे घात करतात. हा लेप वीज वाहतो, त्यामुळे छिद्रातला उघडा धातू आणि वरचा विस्तीर्ण लेप यांची बॅटरी होते. खालचा धातू पोखरला जातो, लेपाचा आधार जातो, तो तुटतो, आणि त्याचे कठीण तुकडे घर्षणात सापडून नवे नुकसान करतात.

शरीरात: जिथे ही जोडी सर्वांत महत्त्वाची ठरते

अ‍ॅल्युमिनाचा खुब्याचा सांधा १९७० मध्ये फ्रान्समध्ये शल्यविशारद पिएर बुताँ यांनी प्रथम बसवला. तेव्हापासून सिरॅमिकचे गोळे सुधारत गेले आणि आज ते जगभर वापरले जातात. गोळा सिरॅमिकचा असला तरी मांडीच्या हाडात रुतवलेला दांडा धातूचाच असतो, आणि गोळा त्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवलेला असतो. गोळा आणि दांडा यांचा हा जोड स्थिर मानला जातो, पण चालताना दर पावलाला तिथे मायक्रॉनमध्ये मोजावी अशी हालचाल होते. कृत्रिम सांध्यांच्या चाचण्यांमध्ये एका वर्षाच्या चालण्यासाठी दहा लाख फेऱ्या धरतात, म्हणजे पापुद्रा दहा लाख वेळा खरवडला जातो.

त्यात गोळा आणि दांड्याचे टोक यांच्यामधली फट अरुंद असते. आत शिरलेल्या द्रवातला ऑक्सिजन संपतो, बाहेरून नवा येत नाही, क्लोराइड (मिठातला एक घटक) साचत जाते आणि द्रव आम्लधर्मी होतो. पापुद्र्याला पुन्हा धरायला लागणारी परिस्थितीच तिथे राहत नाही. धातूचा गोळा धातूच्या टोकावर असेल, तर दोन्ही बाजू विरघळतात. सिरॅमिकचा गोळा असेल, तर एक बाजू कमी होते आणि सोडल्या जाणाऱ्या धातूचे प्रमाण लक्षणीय घटते, ते शून्य मात्र होत नाही. मला यात सिरॅमिकचा पराभव दिसत नाही. अपेक्षा योग्य ठेवली तर हा मोठा लाभ आहे.

धोका आहे तो सिरॅमिक तुटल्यावर. अशी वेळ क्वचित येते, आणि झिर्कोनिया मिसळलेल्या नव्या अ‍ॅल्युमिनामुळे ती आणखी दुर्मीळ झाली आहे. पण तुटलेल्या गोळ्याचे सूक्ष्म कण भोवतालच्या ऊतींत आणि गोळा ज्या वाटीत फिरतो तिच्या प्लास्टिकच्या अस्तरात रुतून राहतात, आणि शस्त्रक्रिया करूनही ते सगळे काढता येत नाहीत. अशा रुग्णाला पुढे धातूचा गोळा बसवला, तर ते कण त्याला सतत तासत राहतात. त्यातून रक्तातील कोबाल्ट घातक पातळीला जाऊन हृदय, दृष्टी आणि श्रवण यांवर परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणून सिरॅमिक तुटल्यानंतर पुन्हा सिरॅमिकचाच गोळा बसवण्याकडे शल्यविशारदांचा कल असतो. आधी काय तुटले हे माहीत नसताना पुढची जोडी ठरवणे, ही इथे सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दातांच्या बाबतीत असेच काही घडते. टायटॅनियमच्या रोपणावर झिर्कोनियाचा जोडभाग बसवला, तर सूक्ष्म हालचालीत टायटॅनियम झिजते आणि हिरडीला कधी कधी करडी छटा येते. ताटलीवरचीच करडी रेघ, जिवंत ऊतीवर.

मग बेअरिंगमध्ये ही जोडी का यशस्वी होते?

कारण तिथली परिस्थिती जवळजवळ प्रत्येक बाबतीत वेगळी आहे. सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या पोलादाच्या कड्यांमध्ये मुख्यतः गडगडतात, घासत नाहीत. मध्ये तेल किंवा ग्रीस असते, पाणी नसते. गोळ्यांची घनता पोलादाच्या सुमारे चाळीस टक्के असल्यामुळे मोठ्या वेगाला त्या कड्यावर कमी दाब देतात. वंगण क्षणभर अपुरे पडले, तर पोलादाला पोलाद चिकटते तसे हे दोघे सहजी चिकटत नाहीत. विजेच्या मोटारीत आणखी एक लाभ मिळतो: मोटार नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेमुळे दांड्यावर साचणारा विद्युतभार धातूच्या बेअरिंगमधून ठिणग्यांच्या रूपाने निसटतो आणि कड्यांवर खड्डे पाडतो. सिरॅमिकची गोळी ती वाट बंद करते.

इथेही हिशेब एकतर्फी नाही. सिलिकॉन नायट्राइड पोलादापेक्षा ताठ असल्यामुळे गोळी कमी दबते, टेकण्याची जागा लहान होते आणि पोलादी कड्यावरचा ताण वाढतो. बेअरिंग निकामी होते तेव्हा अनेकदा सिरॅमिकची गोळी शाबूत असते आणि कडे थकलेले असते.

ताटलीकडे परत

करडी रेघ नव्या ताटलीवर सहसा उमटत नाही, जुन्या ताटलीवर उमटते. ताटलीचा चकाकता थर म्हणजे एक प्रकारची काचच, आणि भांडी धुण्याच्या यंत्रातल्या तीव्र अल्कलीधर्मी पावडरी तापलेल्या पाण्यात त्या काचेला दर धुण्याला किंचित विरघळवतात. चकाकी मंदावते, पृष्ठभाग कानशीसारखा खडबडीत होतो, आणि मग तोच चमचा, जो वर्षभर त्यावरून घसरत होता, आपला धातू तिथे सोडू लागतो. म्हणजे क्षरण झाले सिरॅमिकचे आणि झीज वाढली धातूची. ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या भांडी घासण्याच्या पावडरीने ती रेघ पुष्कळदा निघून जाते, कारण आम्ल तो धातू विरघळवते. खाली खाच सापडत नाही. खडबडीत झालेली चकाकी मात्र परत येत नाही, आणि काही दिवसांत चमचा त्याच जागी पुन्हा रेघ ओढतो.